उपऱ्याची मिरासदारी

मुक्काम सासेबो, नागासाकी प्रांत, जपान

तीर्थरूप काका यांचे सेवेशी,

आपले कृपापत्र पावले. परदेशी गेलेल्या पुतण्याने तेथील राज्यव्यवहार, शेतसारा आणि पाटबंधारे यांविषयी चार शब्द लिहावेत, ही आपली अपेक्षा रास्त आहे. परंतु ज्या गावी सध्या माझा मुक्काम आहे त्या गावचा इतिहास दप्तरखान्यापेक्षा भटारखान्यात अधिक स्वच्छ वाचावयास मिळतो, असे माझे मत झाले असल्यामुळे हे पत्र सर्वस्वी खाण्याविषयी, आणि तेही भात-माशांविषयी नसून अमेरिकन धर्तीच्या बर्गर-सँडविचविषयी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

जपानात जाऊन अमेरिकेचे अन्न खाण्यात कोणता पुरुषार्थ, असे आपण म्हणाल. त्याचे उत्तर या गावाच्या इतिहासात आहे. क्यूशू बेटाच्या वायव्येस, डोंगर थेट समुद्रात उतरल्यामुळे जेथे खोल आणि आडोशाचे बंदर निसर्गतःच तयार झाले आहे, अशा जागी वसलेले सासेबो एके काळी यःकश्चित खेडे होते. १८८९ साली जपानी आरमाराचा तळ येथे पडला आणि खेड्याचे शहर झाले. रशियाशी युद्ध करण्यास १९०४ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल तोगो यांचा काफिला निघाला तो याच बंदरातून. पुढे १९४५ च्या जून अखेरीस अमेरिकन विमानांनी एका रात्रीत या शहराचा मोठा भाग भस्मसात केला, सप्टेंबरात अमेरिकन फौज किनाऱ्यावर उतरली, आणि १९४६ साली जपानी आरमाराच्या त्याच धक्क्यांवर अमेरिकन आरमाराचा तळ स्थापन झाला, तो आजतागायत हललेला नाही. १९५० साली कोरियाचे युद्ध पेटले तेव्हा माणसे आणि दारूगोळा यांची रवानगी येथूनच होऊ लागली, खलाशांची गावात रीघ लागली, आणि खलाशाच्या खिशात पगार आणि पोटात भूक एकाच वेळी असते हे व्यवहारज्ञान असलेल्या येथील लोकांनी, त्यांच्याकडूनच कृती तोंडी ऐकून घेऊन, बर्गरचे तवे मांडले. ‘हिकारी’ नावाचे एक दुकान १९५१ सालापासूनचे असून ते अद्याप चालू आहे. तोक्योच्या गिन्झा पेठेत मॅकडोनल्ड्सची जपानातील पहिली शाखा उघडली ती १९७१ च्या जुलैत. तोवर सासेबोच्या तव्यांना वीस वर्षांचे वळण पडून चुकले होते.

आपल्या मनात उठणारा दुसरा प्रश्न मला ठाऊक आहे, म्हणून त्याचाही निकाल लावतो. मूळ बर्गर गोमांसाचा. मी तो खात नाही. येथे कोंबडीचा, माशाचा, नुसत्या अंड्याचाही मिळतो, आणि माझा सारा अनुभव त्यांवर आधारलेला आहे. परंतु गंमत अशी, की या बाबतीत जपानची परंपरा आपल्याहून फार निराळी नव्हती. इसवी सन ६७५ मध्ये तेम्मू सम्राटाने वर्षातील शेतीच्या महिन्यांपुरता गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसाचा मनाई हुकूम काढला; बौद्ध आचारामुळे गोमांसाविषयीचा संकोच पुढे शतकानुशतके टिकला, आणि १८७२ च्या जानेवारीत मेइजी सम्राटाने स्वतः गोमांस सेवन केल्याचे जाहीर झाले तेव्हा कोठे तो दरबारी मंजुरीने शिथिल झाला. तेव्हा आज ज्या चवीने हे लोक बर्गर खातात ती चव सनातन नसून अवघ्या दीडशे वर्षांची आहे.

आता दुकान पाहा. तळाच्या फाटकापासून फार दूर नसलेले, दोन बाके आणि एक अरुंद फळी एवढीच बैठक असलेले हे दुकान; नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशी अनेक आहेत आणि एकाची तरफदारी केल्यास दुसऱ्यावर अन्याय होईल. आपण मागणी नोंदवावी, क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी आणि थांबावे. थांबणे हा येथील शिरस्ता आहे. मागणी आल्याखेरीज मांसाची चकती तव्यावर पडतच नाही. ती पडली म्हणजे तवेवाली बाई उलथन्याने एकदाच दाबते, मग तिला हात लावीत नाही, आणि कडेला तपकिरी जाळी धरू लागली की एका झटक्यात उलटते. तोवर पावाचे दोन्ही भाग कापलेल्या बाजूने तव्यावर पालथे पडलेले असतात, त्यामुळे आतली बाजू खरपूस आणि पाठ मात्र मऊ राहते. शेजारी अंडे फुटते, त्याचा बलक अर्धवट धरेपर्यंत बाई कांद्याच्या चकत्या मोजल्यासारख्या मांडते, त्यावर टोमॅटो, लेट्यूसचे पान, बेकनची पट्टी, आणि शेवटी मेयोनीजची सढळ धार. हा मेयोनीज जरा गोडसर आणि बलकाचा दाट असतो. तोही मूळचा अमेरिकेतूनच आलेला: नाकाशिमा तोइचिरो नावाच्या गृहस्थांना तिकडे शिकावयास गेले असता त्याची गोडी लागली आणि १९२५ साली त्यांनी ‘क्यूपी’ या नावाने तो जपानी बाजारात आणला. पंधरा-वीस मिनिटांनी कागदी पाकिटात घातलेला, तळहाताहून मोठा असा तो ऐवज हाती येतो. त्याची उंची पाहून तोंड कोठून लावावे हा संभ्रम पडतो. तेव्हा बाई आपले दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून खूण करते, की पाकिटातल्या पाकिटात वरून दाबा. दाबले की बलक फुटतो, मेयोनीजमध्ये मिसळतो, पाव तो रस पितो, आणि सगळी चळत तोंडात मावेल इतकी बसते. पहिल्या घासाला खरपूस पाव, दुसऱ्याला कांद्याचा तिखट चटका, आणि मग बोलणे बंद.

माझ्या शेजारी बसलेला अमेरिकन तरुण खलाशी घड्याळ पाहत होता आणि तवेवाली बाई त्याच्या घड्याळाकडे यत्किंचितही लक्ष देत नव्हती. या दृश्याने मला फार करमणूक झाली, कारण घड्याळाशी या पदार्थाचे लग्न लावले ते अमेरिकनांनीच. कॅन्सस राज्यातील विचिटा गावी १९२१ साली ‘व्हाइट कॅसल’ने पाच सेंटांचा लहानसा बर्गर विकावयास काढला, आणि १९४८ साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडोनल्ड बंधूंनी आपले चालते उपाहारगृह बंद ठेवून, वाढपी काढून टाकून, पदार्थांची यादी कापून आणि प्रत्येक हाताला एकच काम नेमून देऊन भटारखान्याचा कारखाना बनविला. तेव्हापासून बर्गर म्हणजे घाई, असे समीकरण जगाने स्वीकारले. ही घाई त्या पदार्थाच्या प्रकृतीत नसून धंद्याच्या हिशेबात आहे, हे सासेबोच्या बाकावर बसल्यावाचून माझ्या ध्यानात आले नसते. कारण तोच पाव, तीच चकती, आणि तरीही येथे ताटकळत बसणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर उपकृत झाल्याचा भाव असतो.

सँडविचविषयी मात्र माझे मत इतके अनुकूल नाही. छताखालच्या लांबलचक बाजारपेठेत एका जुन्या कॉफीगृहात मी क्लब सँडविच मागविले: भाजलेल्या पावाचे तीन थर, मध्ये कोंबडी, बेकन, टोमॅटो आणि लेट्यूस, त्रिकोणी तुकडे आणि प्रत्येकात खोचलेली काडी, असा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्ककडच्या क्लबांतून निघालेला हा प्रकार. ते आले तेव्हा दिसावयास निर्दोष होते. कडा काढलेल्या, तुकडे एकाच मापाचे, अजमोद्याची काडी सुद्धा जागच्या जागी. परंतु काडी उपसताच थर एकमेकांची ओळख विसरतात आणि अतिशय लुसलुशीत अशा जपानी पावाला तो भार पेलवत नाही. अमेरिकेतले क्लब सँडविच ओबडधोबड असते. पण त्याचा पाव कडक भाजलेला असल्यामुळे ते निदान हातात तरी राहते. येथे त्याला फारच जपून वागविलेले दिसले. आमच्या मुंबईच्या पदपथावरील सँडविचवाल्याने सँडविच या मूळच्या इंग्रजी पदार्थाला उकडलेला बटाटा, बीट आणि हिरवी चटणी लावून जो धीटपणा दाखविला, तो सासेबोने बर्गरशी दाखविला आहे, सँडविचशी नाही.

आपण महसूल खात्यात अव्वल कारकून होता, म्हणून यापुढील मजकूर खास आपल्यासाठी. या गावात बर्गरला दाखला मिळतो. दुकानदाराने अर्ज करावा, त्याची तपासणी व्हावी, आणि पसंतीस उतरल्यास अधिकृत ‘सासेबो बर्गर’ म्हणून त्याने पाटी लावावी, अशी व्यवस्था आहे. मान्य दुकानांचा नकाशाही छापला जातो. मला वाटले होते की पावाचा व्यास आणि चकतीचे वजन ठरवून देणारा एखादा जाडजूड जाबता असेल. तसे काहीच नाही. आत काय घालावे याबद्दल सक्ती नाही, म्हणून दर दुकानी निराळी चव. मुख्य आग्रह इतकाच, की मागणी आल्यावर हाताने करावे आणि शक्यतो जवळपासचा जिन्नस वापरावा. जिनसेला मोकळीक आणि रीतीला बंधन! आपल्याकडील नियमावल्या बहुधा याच्या नेमक्या उलट बनविलेल्या असतात, हे आपणांस मी काय सांगावे?

त्या मान्य दुकानांवर बर्गर घेऊन उभ्या असलेल्या एका मुलाचे चित्र असते. ते यानासे ताकाशी यांनी काढलेले आहे. हे गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजेत शिपाई म्हणून चीनमध्ये होते आणि तेथे त्यांनी उपासमार भोगली; भुकेल्याला घास देतो तोच खरा वीर, या भावनेतून पुढे त्यांनी ‘आनपानमान’ निर्माण केला, ज्याचे डोके म्हणजे गोड कडधान्याचे पुरण भरलेला पाव असून तो भुकेल्या प्राण्याला आपल्या डोक्याचाच तुकडा मोडून देतो. जपानात तो ठाऊक नाही असे मूल नसेल. अमेरिकेशी लढलेल्या फौजेतला शिपाई म्हातारपणी अमेरिकन आरमाराने आणलेल्या पदार्थाचे बोधचित्र काढतो, आणि यात कोणालाच विसंगती भासत नाही!

हे पाहून मला आपल्या बहात्तरच्या दुष्काळाची आठवण झाली. त्या वेळी आपण तालुक्याला होता, दुष्काळी कामांचे हजेरीपट आपल्या हातून जात असत, आणि रेशनवर अमेरिकेची मिलो नावाची तांबडी ज्वारी येई. तिची भाकरी ज्याने खाल्ली तो आजही तिचे नाव निघताच तोंड वाकडे करतो. अमेरिकन गव्हाबरोबर आले असे मानले जाते ते गाजरगवत तर आपल्या बांधावरून अजून हटावयास तयार नाही. मग त्याच अमेरिकेचे अन्न येथे इतके लाडके का व्हावे? जपान्यांची जीभ निराळी म्हणावी, तर तसेही नाही. युद्धानंतर येथील शाळांतून मदतीदाखल साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे दूध मुलांना पाजले जाई, आणि आज ऐंशीच्या घरात असलेले माझे घरमालक त्या दुधाविषयी बोलताना आपण मिलोविषयी बोलता तसाच चेहरा करतात. परंतु बर्गरविषयी बोलताना नाही. मला वाटते, फरक देण्याघेण्याच्या दिशेत आहे. भुकटीचे दूध आणि मिलो हे हात पसरून घ्यावे लागले. बर्गर जपानी माणसाने स्वतःच्या तव्यावर भाजून जेत्याला रोख पैशांनी विकला. बेचिराख झालेल्या शहरात गल्ल्याच्या आत उभे राहणे आणि रांगेत उभे राहणे यांत केवढे अंतर असेल! आपल्या जुन्या दप्तराच्या भाषेत सांगावयाचे तर बाहेरून येऊन वाट्याने जमीन कसणारा उपरी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळून अखेर मिरासदार व्हावा, तसा हा पदार्थ येथे मिरासी झाला आहे. आणि त्याची सनद खलाशांनी दिलेली नसून तवेवाल्यांनी मिळविलेली आहे.

पुढे या मिराशीला शाखाही फुटल्या. तोक्योकडे १९७२ साली निघालेल्या ‘मॉस बर्गर’ने दुसऱ्याच वर्षी सोया आणि साखरेच्या पाकातला तेरियाकी बर्गर काढला, आणि १९८७ साली पावाच्या जागी भाताच्या दाबलेल्या वड्या घातल्या. भाताच्या वड्यांचा प्रकार मला कृत्रिम वाटतो. तेरियाकी मात्र मी परत परत खातो, आणि तो खाताना डगल्याच्या बाह्या वर सारून घ्याव्या लागतात, कारण तो पाक मनगटापर्यंत ओघळतो.

सौ. काकूंनी या पदार्थाची कृती विचारली होती. त्यांस सांगावे की मांसाचे अडून बसू नये. बटाटा आणि वाटाणा यांची जाड टिक्की कडेने खरपूस भाजली तरी काम भागेल. कांदा पातळ कापून बर्फाच्या पाण्यात टाकावा, अंडे चालत असल्यास बलक पुरता कडक होऊ देऊ नये, आणि पाव कापलेल्या बाजूने लोण्यावर भाजल्याखेरीज तव्यावरून उचलू नये. या शेवटच्या कलमात कसूर झाल्यास बाकीचे सारे श्रम व्यर्थ. पाव कोपऱ्यावरच्या भटारखान्यातला ताजा आणावा, शिळा वापरू नये. कागद नसल्यास केळीच्या पानात गुंडाळून दाबले तरी हरकत नाही.



आपला आज्ञाधारक,
पुतण्या