मानवशास्त्राची पदवी आणि कर्जाचा हप्ता

मानवशास्त्र शिकायला अमेरिकेत जावे का, या प्रश्नावर घरात सर्वांत आधी विचारला जातो तो पगार. अमेरिकी श्रम सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२३ साली तिथल्या मानवशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञांचे मध्यक वेतन वर्षाला ६३,८०० डॉलर होते. आकडा चांगलाच आहे. मात्र तो त्या पदावर बसलेल्यांचा आहे, आणि अशा जागा त्या अवाढव्य देशात दहा हजारही नाहीत. त्यातल्या बऱ्याच जागा १९६६ सालच्या ऐतिहासिक वारसा जतन कायद्याने निर्माण केल्या. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना लागणारा महामार्ग, धरण वा पाइपलाइन असली की त्या जागेतल्या जुन्या अवशेषांची पाहणी आधी करावी लागते, आणि ती कामे कंत्राटी कंपन्यांकडे जातात. तिथे करणी, चाळणी आणि नकाशा चालवता येणाऱ्याला काम मिळते; नातेव्यवस्थेवर किंवा विधींवर लिहिणाऱ्याचा त्या बाजाराशी फारसा संबंध येत नाही. असे पदवीधर आरोग्य, स्वयंसेवी संस्था, मनुष्यबळ विभाग किंवा सॉफ्टवेअर कंपन्यांतले वापरकर्ता-संशोधन अशा वाटांनी जातात.

पदवीनिहाय मिळकत आणि कर्ज एकत्र दाखवणारे ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ अमेरिकी शिक्षण खाते चालवते. त्यातली मिळकत सरकारी शैक्षणिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांची असते. भारतीय विद्यार्थ्याला ती मदत मिळतच नाही, म्हणून त्या तक्त्यात तो नसतो. पालकांवर अवलंबून असलेल्या अमेरिकी विद्यार्थ्याला पहिल्या पदवीसाठी सरकारकडून एकूण ३१,००० डॉलरपर्यंतच कर्ज मिळते. भारतीय विद्यार्थ्याला अशी वेसण नाही; बँक तारणाकडे पाहून रक्कम ठरवते.

या विषयातली खरी गोम पुढच्या शिक्षणात आहे. नामांकित अमेरिकी विद्यापीठांत मानवशास्त्राच्या पीएच.डी.ला शुल्क बहुधा माफ असते, आरोग्यविमा आणि विद्यावेतन मिळते. त्या बदल्यात विद्यार्थी पदवीचे वर्ग सांभाळतो, उत्तरपत्रिका तपासतो. दोन वर्षांच्या स्वतंत्र एम.ए.ला मात्र सहसा पूर्ण शुल्क भरावे लागते. म्हणजे मोठी पदवी विद्यापीठाच्या खर्चाने आणि छोटी घर गहाण टाकून, असा उलटा न्याय आहे.

प्रस्तुत लेखिकेला पुण्यात असताना अशाच एका एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. कर्ज ३० लाखांचे, त्यामुळे तारण आले, आणि तारण म्हणजे वडिलांचा फ्लॅट. बँकेच्या यादीत इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, मूल्यांकनकाराचा अहवाल असे सगळे होते. विषय कोणता, याला अर्जात एक छोटा रकाना होता. सहकर्जदार म्हणून सही करायची ती निवृत्तीला टेकलेल्या वडिलांनी. व्याजदर ११ टक्के. वर्षाला १५ लाख असे दोन टप्प्यांत पैसे उचलायचे, अभ्यासक्रमाची दोन वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नाही. ही सवलत ऐकायला गोड आहे. या काळात सरळव्याज धरले तरी ८ लाख २५ हजार चढतात. मग ३८ लाख २५ हजारांवर १५ वर्षांचा हप्ता बसतो तो महिन्याला सुमारे ४३,५०० रुपये, आणि एकूण फेड ७८ लाखांच्या पुढे जाते.

त्यासमोर भारतातली मिळकत मांडली की चित्र लख्ख होते. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधनवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. हप्त्यापेक्षा साडेसहा हजारांनी कमी. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७००, पण ती पूर्णवेळ जागा मिळेपर्यंत सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तास घेत किती वर्षे जातील, हे कोणीही सांगत नाही. भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण किंवा पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथल्या भरत्या तुरळक. (यूपीएससीसाठी हा विषय घेणारे पुष्कळ, त्यांना तो परीक्षेपुरताच हवा असतो.) आणि अमेरिकेत थांबून डॉलरमध्ये फेडू म्हणावे, तर मानवशास्त्राच्या पदवीनंतर कामाची मुभा १२ महिनेच असते. अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्रवाल्यांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ या विषयाला नाही.

लेखिकेने तो प्रवेश सोडला आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून एम.ए. केले. तिथल्या शुल्कासाठी कर्ज लागले नाही. पुढे थेट पीएच.डी.साठी अर्ज केले. एका विद्यापीठाने शुल्कमाफी आणि विद्यावेतन दिले. तिथेही किंमत मोजावी लागतेच : ऐन कमाईची सहा-सात वर्षे तुटपुंज्या विद्यावेतनावर निघतात, शेवटी कायम प्राध्यापकपदाची हमी नसते, आणि बरोबरचे मित्र तोवर फ्लॅटचे हप्ते फेडून मोकळे होत आलेले असतात. तरी डोक्यावर बँक नसल्याने क्षेत्रकार्याचा विषय आणि नंतरची नोकरी, दोन्ही आपल्या मर्जीने निवडता येतात.

तारण द्यावे लागेल इतक्या कर्जावर मानवशास्त्राचे एम.ए. करू नये. विद्यापीठ खर्च उचलत असेल, तर जरूर जावे.