खाडीकाठची पायवाट

ओहोटी लागली की वसईच्या खाडीचा काठ श्वास घेऊ लागतो. चिखलातून बोटभर वर आलेल्या तिवरांच्या मुळ्या उघड्या पडतात आणि पाण्याखाली असताना न मिळालेली हवा ओढून घेतात. निवट्या चिखलावर टणाटण उड्या मारतात, बगळे त्यांच्यावर नजर रोखून उभे राहतात. पाचूबंदरच्या बाजूनं वारा आला की सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. जमीन कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते, हे इथं तिथीवर ठरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जी वाट पाण्याखाली जाते, तीच अष्टमीच्या भांगाला, म्हणजे छोट्या भरतीला, पायाखाली सापडते.

या चिखलाचा मान फार जुना आहे. वसईच्या किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र, खाडी आणि दलदल. म्हणून १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेचे मोर्चे उत्तरेकडच्या वाळूच्या पट्ट्यावरून तटाला भिडले. मे महिन्यात किल्ला पडला, पण तोवर इतर बाजूंचा निम्मा पहारा या दलदलीनंच केला होता. आज तिची राखण करण्याची पाळी आपली आहे.

‘किल्ले वसई मोहीम’सारख्या गटांतली माणसं वर्षानुवर्षं या किल्ल्यात श्रमदान करत आली आहेत. हातात कोयता, घमेलं, पहार. वाटेवर माजलेलं रान काढायचं, विहिरींतला गाळ उपसायचा, प्लास्टिक वेचायचं. मग पावसाळा येतो आणि रान पुन्हा गुडघ्याला लागतं. पाहणाऱ्याला वाटतं, मेहनत वाया गेली. मला तसं वाटत नाही. भरती-ओहोटीच्या मुलखात एकदाच करून संपणारं काम नसतंच.

कोकणातल्या खारभूमीच्या शेतकऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. खारं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला खांड पडली की ज्यांची शेतं त्या बांधाआड, त्या सगळ्यांनी मिळून ती बुजवायची. रायगडात या रीतीला जोळ म्हणत. बांध टिकला तो मातीमुळे थोडा आणि दरवर्षी धावून येणाऱ्या हातांमुळे जास्त.

दलदलीतून लाकडी वाट काढणाऱ्यांनाही याच नियमाला धरून चालावं लागतं. खांबांवर फळ्या उचलून घेतल्या की भरतीचं पाणी खालून मोकळं जातं, मुळ्या तुडवल्या जात नाहीत, चिंबोऱ्यांची बिळं शाबूत राहतात. खाडीच्या दक्षिणेला गोराईच्या कांदळवनात अशी वाट उभारली आहे. पण खारं पाणी खिळे खातं, भरतीतल्या खांबांचं लाकूड समुद्री किडा आतून पोखरतो, शेवाळानं फळ्या निसरड्या होतात. कुजलेली फळी काढून नवी ठोकणारं कुणी नसेल, तर सुंदर वाट काही वर्षांतच धोक्याची होते.

वसईला दुसऱ्या प्रकारची वाटही चांगलीच परिचयाची आहे: डेब्रिज टाकायचं, रोलर फिरवायचा, वर डांबर ओतायचं. ती लवकर होते आणि पाण्याचा रस्ता अडवते. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरारमध्ये पाणी साचून राहिलं, रेल्वे थांबली, मिठागरांतल्या वस्त्या वेढल्या गेल्या. बुजलेल्या पाणथळ जागा आणि अडलेल्या नाल्यांचा विषय तेव्हा घरोघर निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, असा निकाल दिला. कायदा भक्कम आहे. त्याला रोजच्या पहाऱ्याची जोड हवी, आणि पहारा द्यायचा तर माणसांचं तिथं जाणं-येणं हवं.

म्हणून वसईच्या दलदलीतून एक उचललेली पायवाट व्हावी, असं मला मनापासून वाटतं. शाळेतल्या मुलांनी तिच्यावर उभं राहून निवटी पाहावी, पाचूबंदरच्या एखाद्या आजोबांनी त्यांना उधाण आणि भांग समजावून सांगावं. मात्र तिचं पहिलं लाकूड आणण्याआधी तिच्या डागडुजीची माणसं ठरवावीत: कोणत्या गावची, कोणत्या शाळेची, कोणत्या महिन्यात येणार. फळ्यांसाठी पैसा कुठूनही मिळेल. दर पावसाळ्यानंतर हातोडी घेऊन येणारी माणसं मात्र वसईचीच असायला हवीत. ती जमली, तर वाट टिकेल आणि खाडीही.