पन्हाळ्यावरचा एक मुक्काम

शाहूपुरीच्या एका बाजूस रेल्वे स्थानक आणि दुसऱ्या बाजूस मध्यवर्ती बसस्थानक. दिवसभर प्रवाशांची वर्दळ पाहणारी इथली ज्येष्ठ मंडळी स्वतः मात्र प्रवास टाळू लागतात. ‘मी आलो तर तुमचा खोळंबा होईल,’ हे वाक्य आपल्याही घरात ऐकू आले असेल.

वास्तविक कोल्हापूरकरांना मुक्कामी प्रवास नवा नाही. सौंदत्तीच्या रेणुकामातेच्या यात्रेला एसटी ठरवून, शिधा-भांडी घेऊन जाणारी आणि तिथेच चुली मांडणारी कुटुंबे आपण पाहिलेली आहेत. परदेशांत निवृत्त मंडळी राहत्या मोटारी घेऊन एकत्र तळ ठोकतात. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. आपल्याला मात्र भाड्याची मिनीबस, तंबू आणि थोडी पूर्वतयारी एवढे पुरेसे आहे.

पहिल्या मुक्कामासाठी पन्हाळा निवडावा. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ असा सुमारे वीस किलोमीटरांचा रस्ता. प्रकृती बिघडलीच तर कोल्हापूरची रुग्णालये जवळ. सज्जाकोठी आणि अंबरखान्यापर्यंत वाहन जाते, म्हणून फार चालावे लागत नाही. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत हा गड आहे.

आमच्या पहिल्या सहलीत एक चूक घडली, ती मोकळेपणाने सांगतो. आमच्यातील एका काकूंनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. वाटेत लघवीला थांबवायचे कसे, हा संकोच. तीन दरवाजापाशी त्यांना घेरी आली. बसवून, पाणी पाजून, विश्रांती दिल्यावर त्या सावरल्या. परंतु दोष त्यांचा नव्हता. आम्ही जेवणाचे पदार्थ ठरवले होते, थांबे ठरवले नव्हते. तेव्हापासून निघण्यापूर्वीच सर्वांना सांगतो : प्रवास लहान असो वा मोठा, दर तासाभराने गाडी थांबेल, कुणी मागितले नाही तरीही.

तळाची जागा आधी स्वतः जाऊन पाहावी. स्वच्छतागृह तंबूपासून किती पावलांवर आहे, वाटेत पायऱ्या आहेत का, कमोड आहे का, हे तपासावे. नसल्यास कमोडची खुर्ची सोबत न्यावी. जमिनीवरून उठणे गुडघ्यांना जड जाते, म्हणून घडीची खाट आणि हाताची खुर्ची हवीच. तंबूच्या ताणदोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात. अंधारात पाय अडकत नाही. रात्री उठताना खाटेच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभे राहावे आणि प्रत्येकाच्या उशाशी विजेरी असावी. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीस अनोळखी जागी रात्री गोंधळल्यासारखे होते. तिची नेहमीची उशी व चादर न्यावी आणि शेजारी ओळखीचे माणूस झोपवावे.

औषधांची यादी, डॉक्टरांचा व घरचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकाच्या खिशात ठेवावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक सर्वांना ठाऊक असू द्यावा. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना विचारावे. मनाने बंद करू नये. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत राहू देऊ नये. मधुमेहींच्या हाताशी साखर असावी आणि जेवणाची वेळ चुकवू नये. तांबडा-पांढरा रस्सा अवश्य करावा, मात्र तिखट-मीठ बेताने.

आणखी एक गोष्ट बहुधा विसरली जाते. घरी रात्रंदिवस सेवा करणाऱ्या सुनेला, लेकीला वा पतीला या मुक्कामात तरी निवांतपणा मिळावा. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावाव्यात आणि ज्याची पाळी नाही, त्याला खुशाल तटावर फिरायला पाठवावे.

अंबरखान्याची प्रचंड धान्यकोठारे पाहताना मनात येते, गड लढला तो आधी केलेल्या साठवणीवर. आपली सहलही तशीच आधीच्या तयारीवर निभावते. त्या काकू पुढच्या सहलीलाही आल्या. गाडीत बसताच त्यांनी पाण्याची बाटली उघडली आणि पहिला थांबा कुठे, हे हसत विचारले. आपल्या घरातील ज्येष्ठालाही हा प्रश्न निःसंकोचपणे विचारता यावा, अशी सहल आखा.