12 बोअर, 70 एमएम

खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत नागरी परवान्याच्या बंदुकांसाठी जे काडतूस बनत आले, त्याचे नाव 12 बोअर, 70 एमएम. नाव एवढेसे, पण नजर तिथे अडते. एक पौंड शुद्ध शिसे घ्यावे, त्याच्या सारख्या बारा गोळ्या कराव्यात. त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. सोळा गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होते, म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा अरुंद. म्हणजे नळीची रुंदी सांगायची ती पौंडाचे भाग पाडून, आणि लगेच पुढे काडतुसाची लांबी सांगायची ती मिलिमीटरमध्ये. हा गोंधळ आहे, असे पहिल्यांदा कोणालाही वाटेल. मला मात्र या नावात मोठी जबाबदारी दिसते. जुन्या इंग्रजी बंदुका अडीच इंची काडतुसासाठी, म्हणजे सुमारे 65 मिलिमीटरसाठी घडवलेल्या असत. अशा बंदुकीत 70 एमएमचे काडतूस शिरते, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि नळीतला दाब वाढतो. बारा बोअर हा शब्द आजोबांच्या बंदुकीशी बोलतो, 70 एमएम हा आकडा कारखान्याच्या यंत्राशी. दोघांची गाठ जिथे पडते तिथे दोन्ही मापे छापलेली आहेत, आणि म्हणूनच बंदूक धरणारा हात शाबूत राहतो.

मापांच्या सरमिसळीबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक तक्रारीचा: साठाहून अधिक वर्षे झाली कायदा होऊन, तरी लोक फूट-इंच सोडत नाहीत. दुसरा कौतुकाचा: आमच्या लोकांना दोन्ही येते. मला दोन्ही अपुरे वाटतात. 1956 च्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारली. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅमची वजने बाजारात उतरली आणि एप्रिल 1962 पर्यंत शेर-मण कायद्याने बाद झाले. निरक्षरांची संख्या प्रचंड असलेल्या देशाने अवघ्या काही वर्षांत तराजू बदलला, ही स्वतंत्र भारताची फार मोठी आणि फार थोडी सांगितली गेलेली कामगिरी आहे. त्यामुळे लोक जुने सोडायला तयार नसतात, हे म्हणणे टिकत नाही. धान्य, दूध, कापड, रॉकेल यांची मापे त्यांनी सोडलीच. मग फूट, इंच, एकर, गुंठा का राहिले?

याचे उत्तर खडकी स्टेशनच्या रुळांत आहे. पुणे ते खंडाळा ही लोहमार्गाची वाट 1858 साली सुरू झाली, तेव्हा दोन रुळांमधले अंतर होते 5 फूट 6 इंच. आज रेल्वेच्या कागदावर ते 1,676 मिलिमीटर लिहितात. आकडा नवा, अंतर तेच. रूळ मात्र झिजतात, बदलावे लागतात. पूर्वी ते एका यार्डाला नव्वद पौंड अशा हिशेबाने ओळखले जात, आता मीटरला 52 किंवा 60 किलो अशा हिशेबाने ओळखले जातात. रूळ बदलला तेव्हा त्याचे माप बदलता आले. दोन रुळांमधली रिकामी जागा कोण बदलणार? तिच्यावर सगळे डबे, सगळे पूल, सगळे फलाट विसंबून आहेत. जे दर वेळी नव्याने मोजले जाते त्याचे माप सहज बदलते, आणि जे एकदा मोजून पुढच्या हजार गोष्टी त्यावर रचल्या गेल्या त्याचे माप रुतून बसते. सवय, हट्ट, गुलामी वगैरे कारणे त्यानंतरची.

कारखान्याच्या दारूगोळ्यातही हेच दिसते. 1869 साली सुरू झालेल्या या फॅक्टरीने ‘के एफ’ ही अक्षरे बुडावर असलेली थ्री नॉट थ्रीची काडतुसे वर्षानुवर्षे बनवली. तो आकडा इंचाचा. पुढे सैन्याकडे 7.62 मिलिमीटरच्या रायफली आल्या आणि काडतूसही तसे झाले. वाटते की इंच संपला. पण 7.62 ला 25.4 ने भागून पाहावे: उत्तर येते बरोबर 0.30 इंच. रशियात 1891 सालच्या रायफलीला तीन लाइनची म्हणत, कारण तिथे लाइन म्हणजे इंचाचा दहावा भाग. आपला सुतार आणि सळई बांधणारा कारागीर अजून तीन सूत, चार सूत म्हणतो. त्याचे सूत इंचाचा आठवा भाग. सळई येते 10 आणि 12 एमएमची, हाक मारली जाते तीन सुती, चार सुती. आठाचे अर्धे चार, चाराचे दोन, दोनाचे एक. दोरी दुमडत हे भाग पाडता येतात, दहाचे तसे पडत नाहीत. हा गुण खरा आहे, त्याला मागासलेपण म्हणणे अन्याय होईल. आणि ज्या इंचाला आपण परका समजतो तो 1959 पासून आंतरराष्ट्रीय कराराने 25.4 मिलिमीटर एवढाच ठरलेला आहे. इंचाला आता मिलिमीटरवाचून स्वतंत्र अस्तित्व उरलेले नाही.

सरमिसळीची खरी कसोटी लागते ती जमिनीत. पेशवाईत जमीन मोजत काठीने. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. हात कोणाचा आणि मूठ कोणाची यावर बिघा लहानमोठा व्हायचा, आणि जमिनीच्या कसावरही. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीच्या माळावर लढाई झाली, सत्ता गेली, आणि थोड्याच वर्षांत मोजणीदारांच्या साखळ्या पुणे जिल्ह्याच्या शिवारांतून फिरू लागल्या. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची पहिली पाहणी फसली. तिचा सारा शेतकऱ्याला झेपेना. मग 1830 च्या दशकाच्या मध्याला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने काम धरले. साखळी 33 फुटांची, तिचे भाग सोळा, आणि त्या भागांना नाव आणा. एका साखळीचा चौरस म्हणजे 1,089 चौरस फुटांचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हात आणि मूठ गेली, इंग्रजी फूट आला, पण त्याचे भाग देशी रुपयासारखे पाडले गेले. म्हणजे ज्या गुंठ्याला आपण अस्सल मराठी मातीतला समजतो, त्याचे आजचे मान इंग्रजी फुटाच्या साखळीवर ठरले. सरमिसळ त्याच्या जन्मातच आहे. याने मला गुंठा कमी आपला वाटत नाही. बांध त्यावर पडले, वाटण्या त्यावर झाल्या, भावाभावांचे दावे त्यावर लढले गेले, बहिणींनी हक्कसोडपत्रे त्यावर लिहून दिली. इतक्या गोष्टी ज्यावर रचल्या गेल्या ते माप रुतणारच. पुढे सातबारावर हेक्टर-आर आले. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर. दोन मापे इतकी जवळ येणे हा निव्वळ योगायोग, आणि तोच घातक आहे. दूर असलेल्या मापांत माणूस सावध असतो. मैलाला कोणी किलोमीटर समजत नाही. गुंठा आणि आर मात्र बोलताना सरळ एक धरले जातात. एका गुंठ्यात फरक साडेबारा चौरस फुटांचा, कोणी मनावर घेत नाही. एका एकरात चाळीस गुंठ्यांना चाळीस आर म्हटले की जवळजवळ सत्तेचाळीस चौरस मीटर, म्हणजे पाचशे चौरस फूट जमीन नुसत्या बोलण्यात नाहीशी होते. खडकी-बोपोडीसारख्या भागात पाचशे चौरस फुटांत कुटुंबे राहतात. हा तोटा नेहमी त्यालाच होतो ज्याला रूपांतर येत नाही. आणि व्यवहाराच्या टेबलावर ते एकाला येते, दुसऱ्याला येत नाही, अशीच मांडणी बहुधा असते. दोन मापे असणे हा दोष नाही. दोहोंच्या मधला हिशेब एकाच्याच खिशात असणे हा दोष आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो सोन्याचा. सोने तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, मग 11.66 ग्रॅमचा तोळा जाऊन बोलण्यातला तोळा दहा ग्रॅमचा कसा झाला? कारण सोने टिकत असले तरी त्याचे माप टिकत नाही. मोडीला, घडणीला, गहाणाला दर वेळी ते काट्यावर नव्याने चढते. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. ताप रोज नव्याने मोजतात, तरी हवामान सेल्सिअसमध्ये आणि ताप फॅरेनहाइटमध्ये, हे कसे? इथे रुतलेले आहे ते आईच्या मनातले ज्ञान. शंभर झाला की पट्टी ठेवायची, एकशेतीनला डॉक्टर गाठायचा. घराघरातला हा सारा शहाणपणा त्या शंभरावर उभा आहे. वस्तूंइतकीच शहाणपणाचीही मापे रुततात. तिसरा आक्षेप कायद्याचा: वजनमापांचा 2009 चा कायदा कडक राबवा, सगळे सरळ होईल. पण राज्याने स्वतः 2001 साली जो कायदा केला त्याच्या नावातच गुंठेवारी आहे, आणि वाळू-मुरुमाचे स्वामित्वधन शासन अजून ब्रासवर घेते, म्हणजे शंभर घनफुटांवर. हे शासनाचे ढोंग नव्हे; ज्या जगात लोक व्यवहार करतात त्या जगात त्यालाही उतरावे लागते. नवी पिढी आली की जुने आपोआप गळेल, असेही म्हणतात. 1962 साली शाळेत गेलेली मुले आज आजी-आजोबा आहेत, आणि त्यांची नातवंडे आपली उंची फूट-इंचांत सांगतात.

सर्वांत जड आक्षेप अपघाताचा. 23 जुलै 1983 ला कॅनडात एका बोइंग 767 चे इंधन हवेतच संपले. हवे होते 22,300 किलो, विमानात होते तेवढे पौंड. वैमानिकांनी ते गिमलीच्या जुन्या विमानतळावर तरंगत उतरवले, म्हणून प्राणहानी झाली नाही. सरमिसळ घातक असते याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? पण तो नीट तपासला पाहिजे. इंधन मोजणाऱ्याच्या हिशेबात 1.77 हा आकडा होता. एका लिटरला इतके पौंड. किलोसाठी तो सुमारे 0.8 हवा होता. आकडा होता, त्यापुढे माप स्पष्ट नव्हते. विमान पडले असते ते या मुक्या आकड्यामुळे. खडकीच्या काडतुसावर हे होत नाही, कारण तिथे प्रत्येक आकड्यापुढे त्याचे माप बोलते.

आणि खडकीजवळून वाहणारी मुळा नदी. तिच्या खोऱ्यातला पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, धरणात साठला की तो टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट होतो, दरवाजातून सुटला की क्युसेक, म्हणजे सेकंदाला घनफूट, आणि शहराच्या नळात शिरताना दशलक्ष लिटर. पाऊस रोज नवा, म्हणून मिलिमीटर. धरणाचे पाणी मात्र कृष्णा लवादाच्या निवाड्याने बांधलेले, महाराष्ट्राला 560 टीएमसी. त्या घनफुटांवर चार राज्यांची शेती उभी आहे. ते बदलणार नाही, बदलूही नये. शिवाय त्या हिशेबात एक सोय आहे: 11,574 क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी जाते. अभियंत्याला हे तोंडपाठ असते. बोपोडीच्या नदीकाठच्या वस्तीतल्या बाईला ते कसे असणार? तिला मुळशीतून किंवा पवनेतून अमुक हजार क्युसेक सोडले असे रात्री कळते. आपल्या उंबऱ्यापासून पाणी किती फुटांवर येईल, हे तिला त्यातून कळत नाही. आणि तिला हवे असते तेवढेच. पाटबंधारे खात्याने क्युसेक जरूर लिहावेत. त्याच सूचनेत बोपोडीच्या हॅरिस पुलाशी पाणी किती फूट चढेल तेही लिहावे. तसेच खरेदीखतावर हेक्टर-आरच्या शेजारी गुंठे आणि चौरस फूट अक्षरी लिहिल्याखेरीज कोणीही सही करू नये, आणि समोरचा नको म्हणाला तर उठून यावे.