शिशाची पारख

फादर टॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले, तेव्हा त्यातील अकरा हजारांच्या घरातील मराठी ओव्या रोमन लिपीत होत्या. हे आमच्या वाचकांना ठाऊकच आहे. मात्र देवनागरीत छापण्याची इच्छा स्टीफन्स यांना नव्हती असे नाही. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून या देशाच्या लिपीतील छपाईसाठी साहाय्य मागितले होते. अडचण साच्यांची होती. रोमन लिपीचे काम थोडक्या साच्यांत भागते. आपल्या जोडाक्षरांना शेकडो साचे लागतात. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे ओतण्याच्या कामात लौकिक मिळवला, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना उभा केला.

सेमिनरीत असताना छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम आमच्याही वाट्याला आले होते. खिळा शिशाचा असतो असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे. निव्वळ शिसे इतके मऊ असते की नखाने ओरखडा उठावा. छापयंत्राच्या दाबाखाली त्याचे अक्षर दुसऱ्या दिवशीच चेपेल. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात. अँटिमनीने कठीणपणा येतो व थिजताना धातू कमी आकसतो. कथिलाने रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट भरतो. लायनोटाइप यंत्राच्या धातूत साधारणपणे शंभरांत चौऱ्याऐंशी भाग शिसे, बारा भाग अँटिमनी व चार भाग कथील असे. ही विद्या आमच्या काही उपयोगी पडेल असे खिळ्यांचे छापखाने बंद पडल्यावर आम्हांला वाटले नव्हते.

ती उपयोगी पडली बोदलकशाला. गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील या तलावावर थंडीत दूरदेशीचे पक्षी उतरतात. आम्ही ते पाहण्यासाठी जातो. तेथील एका ढिवर कुटुंबाशी आमचा घरोबा आहे. फेकजाळ्याच्या काठाला शिशाचे मणी ओवावे लागतात, एरवी जाळे तळाशी बसत नाही. घरच्या कर्त्या पुरुषाने भंगारवाल्याकडून गोणीभर शिसे वजनावर घेतले होते. "फादर, हे सगळं शिसंच आहे ना जी?" असे त्याने विचारले. गोणीत जुन्या पाण्याच्या नळाचे तुकडे होते, टायरच्या दुकानातील चाकाला लावायची वजने होती, मोटारीच्या बॅटरीतील पत्रे होते, आणि कुठल्याशा बंद छापखान्यातील खिळेही होते. आरशात पाहावा तसा उलटा 'क' आम्ही कितीतरी वर्षांनी हातात घेतला.

पारख करायला फारशी साधने लागत नाहीत. नळाचा तुकडा नखाने ओरखडला गेला, सहज वाकला, आणि दगडावर टाकला तर मुका आवाज झाला. ते जवळजवळ निव्वळ शिसे. खिळा मात्र खणकतो. वाकवू गेले तर मोडतो, आणि मोडलेल्या जागी बारीक रवा दिसतो. चाकाच्या वजनांवर नखाची मात्रा चालत नाही. त्यांत हल्ली जस्ताची व लोखंडाचीही वजने येतात. लोखंड चुंबकाने कळते. जस्तावर संडास धुण्याच्या ॲसिडचा थेंब टाकला की लगेच बुडबुडे उठतात. शिशावर तसे उठत नाहीत.

आणखी खात्री हवी तर आर्किमिडीजची युक्ती आहेच. तुकडा दोऱ्याने तराजूला टांगून आधी हवेत तोलावा, मग पाण्यात बुडवून तोलावा. एक किलो निव्वळ शिसे पाण्यात सुमारे ८८ ग्रॅमने हलके भरते, लायनोटाइपचा धातू सुमारे ९८ ग्रॅमने, आणि जस्त तब्बल १४० ग्रॅमने. तुकड्यात पोकळी असेल किंवा बुडबुडे चिकटून राहिले तर हिशेब चुकतो. शिवाय मिसळलेला हलका धातू अँटिमनी आहे की कथील, हे तराजू सांगू शकत नाही, कारण दोन्ही जवळपास सारखेच हलके. आमच्या यजमानांना ही तोलातोली फार आवडली. घरातील पोरे तर तराजूभोवतीच बसली होती.

आमचे मन अडले ते पोरांपाशी. शिसे वितळवण्याची कढई स्वयंपाकाच्या चुलीवरच चढणार होती. बॅटरीच्या पत्र्यांवरची राखाडी पूड अंगणात सांडलेली होती, आणि घरातले सर्वांत धाकटे मूल चार वर्षांचे होते. सेनेगल देशात, डाकार शहराजवळच्या थियारोये येथे बॅटऱ्यांतील शिसे काढण्याचा घरगुती धंदा चाले. तेथे २००७-०८ मध्ये काही महिन्यांत अठरा मुले दगावली. २०२० साली युनिसेफने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ऐंशी कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे, आणि त्यांतील साडेसत्तावीस कोटी भारतातील आहेत. शिसे बहुधा पोटात दुखवत नाही, ताप आणत नाही. पोर शाळेत मागे पडते आणि मास्तर त्याला मठ्ठ म्हणतात. रक्तातील शिशाची अमुक पातळी निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही.

तेव्हा पारख करून झाल्यावर आम्ही स्पष्टच सांगितले: "भाऊ, बॅटरीचे पत्रे घरात नकोत, ते नोंदणी असलेल्या कारखान्याकडेच गेले पाहिजेत." २०२२ च्या नियमांप्रमाणे कायदाही हेच सांगतो. नळाचे तुकडे वितळवायची गरजच नव्हती. ते कापून, हातोडीने जाळ्याच्या दोरीभोवती वळवता येतात. तेही पोरांपासून दूर, उघड्यावर, आणि नंतर हात साबणाने धुऊन. खिळ्यांना हातोडी चालत नाही, ते तुटतात. एखादा ओला तुकडा रसात पडला तर वाफेने सगळा रस अंगावर उसळतो, हेही आम्ही सांगितले. कारण आम्ही निघून गेल्यावर कढई चढणारच नाही असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही.

तलावाचा विचार राहिलाच. इंग्लंडमध्ये गळाला लावायचे शिशाचे मणी खडे समजून गिळल्याने हंस मरू लागले, तेव्हा १९८७ साली तसल्या मण्यांवर तेथे बंदी आली. आपल्याकडे भाजलेल्या मातीचे मणी जाळ्याला लावण्याची चाल फार जुनी आहे. आम्ही ती सुचवली. घरची आजी लगेच म्हणाली, तिच्या माहेरी तसलेच मणी होते. मुलगा म्हणाला, मातीचे जाळे हळू बुडते, तोवर मासा निघून जातो. दोघेही खरेच बोलत होते. शेवटी असे ठरले की एका जाळ्याला मातीचे मणी लावून पाहायचे. बॅटरीचे पत्रे त्याने भंगारवाल्याला परत केले, तेही अर्ध्या भावात. खिळे आम्ही विकत घेतले.