बाजूला सरकलेलं दार

चीनवरच्या एका लेखात मी मांचूंना चार ओळींत निकालात काढलं होतं. 1644 मध्ये बीजिंगच्या गादीवर बसले, 1912 पर्यंत राज्य केलं आणि चिनी संस्कृतीत दुधातल्या साखरेसारखे विरघळून गेले. भाषाच गेली तिथे उरणार काय, असं मी ठासून लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. शेनयांगला गेल्यावर हे कळलं, पण कबूल करायला फार उशीर केला, कारण तो लेख लोकांना आवडला होता.

शेनयांग म्हणजे जुनं मुकदेन. 1625 मध्ये मांचूंचा राजा नुरहाची याने राजधानी इथे आणली. राजवाड्यात अष्टकोनी दरबार आणि त्याच्यापुढे दोन रांगांत दहा मंडप: आठ मांचू फौजेच्या आठ ‘ध्वजां’चे म्हणजे तुकड्यांचे, दोन डाव्या-उजव्या फळीच्या प्रमुखांचे. छावणीतले तंबूच वीट-लाकडात उभे केल्यासारखे. ते पाहूनही माझं मत जागचं हललं नाही.

हललं ते मागच्या चिंगनिंग महालात. राणीचा महाल, पण दार मधोमध नाही, पूर्वेकडे सरकलेलं. आत चुलाण्यावर मोठाल्या काहिली. देवाला वाहिलेलं डुक्कर राणीच्या घरात, इथेच शिजायचं. तीन भिंतींना लागून विटांचा ओटा, त्याला कांग म्हणतात. चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरतो आणि वर बसणाऱ्याला ऊब देतो. धुराडं छपरावर नाही, घरामागे थेट जमिनीतून वर गेलेलं. अंगणात एक उंच खांब. त्याच्या टोकाच्या भांड्यात कावळ्यांसाठी आणि मॅगपाय पक्ष्यांसाठी दाणे नि मांस ठेवत. पिंडाला कावळा शिवायची वाट पाहिलेल्या माणसाचे पाय तिथे अडतातच. मांचूंची कथा मात्र वेगळी: नुरहाचीला शत्रूपासून कावळ्यांनी वाचवलं, अशी.

आणि तिथेच आठवलं, असं दार मी आधी पाहिलंय. बीजिंगच्या फॉरबिडन सिटीत, खुनिंग महालाला. आधीच्या मिंग घराण्यातल्या सम्राज्ञींचा तो महाल मांचूंनी 1655 मध्ये शेनयांगच्या नमुन्यावर फिरवून घेतला: दार पूर्वेला, आत काहिली, कांग. साम्राज्याच्या ऐन गाभ्यात त्यांनी आपलं गावाकडचं घर आणून ठेवलं होतं, आणि मी त्याच्यासमोरून दोन मिनिटांत पुढे गेलो होतो. विरघळायला निघालेली माणसं असं करत नाहीत.

भाषेचं दुःख खरंच आहे. हेइलुंगच्यांग प्रांतातल्या सानजियाझी गावात मांचू बोलणारी उरली ती मोजकी म्हातारी माणसं. पण 1764 मध्ये शेनयांगहून पार शिनच्यांगच्या सरहद्दीवर धाडलेल्या शिबे जमातीच्या सैनिकांचे वंशज मांचूच्या अगदी जवळची बोली आजही बोलतात, तीच उभी लिपी थोड्या फरकाने लिहितात. 2010 च्या जनगणनेत स्वतःला मांचू म्हणवणारे एक कोटीहून जास्त होते. लेख लिहिताना हा आकडा माझ्या टेबलावर होता. माझ्या म्हणण्यात बसत नव्हता, म्हणून मी तो वगळला.

त्या लेखात मांचूंसाठी सगळीकडे भूतकाळ आहे. आता एकेक क्रियापद पुन्हा तपासतोय. काही तशीच ठेवावी लागणार आहेत.