खडूने लिहिलेली नावं

बेसबॉलच्या निष्ठावान चाहत्याचं मन मोठ्या पराभवांपेक्षा रोजच्या लहान पराभवांनी घडतं, असं मला ठामपणे वाटतं. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये प्रत्येक संघाच्या वाट्याला हंगामात १६२ सामने येतात. २०१६ साली शिकागो कब्स सर्वांत यशस्वी संघ होता, तरी साखळीत तो ५८ वेळा हरलाच. इतक्या सुखाच्या वर्षातही अठ्ठावन्न उदास रात्री! आशा-निराशा इथे पाहुण्यासारख्या येत नाहीत, एप्रिलपासून घरातच मुक्काम ठोकतात.

यावरचा आक्षेप जुना आहे: खेळाडू पैशासाठी संघ बदलतात, मालक बदलतात, मग निष्ठा कशावर, सदऱ्याच्या रंगावर? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. १९०८ नंतर कब्स थेट २०१६ मध्ये अजिंक्य ठरले. अंतिम मालिकेच्या क्लीव्हलंडमधल्या सातव्या सामन्यात आठव्या डावात आघाडी गेली, नवव्यानंतर पावसाने सतरा मिनिटं जीव टांगणीला लावला आणि दहाव्या डावात ८-७ असा विजय आला. त्या दिवसांत शिकागोत कब्सच्या घरच्या मैदानाच्या, रिग्ली फील्डच्या, विटांच्या भिंतींवर लोक खडूने नावं लिहीत होते. हा क्षण न पाहताच गेलेल्या आई-वडिलांची, आजोबांची. १०८ वर्षं कोणी खेळाडू खेळत नाही, कोणी मालकही टिकत नाही. टिकलं ते वाट पाहणं, आणि ते घराण्यात वारशाने आलेलं. त्या भिंतींपाशी उभी राहून माणसं आपल्या गेलेल्यांना निकाल कळवत होती.